कपाटाची किल्ली

(गणेशोत्सवाच्या पाचव्या दिवशी आपल्या मंडपात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही व्याख्याता नाही. रेल्वेत इंजिनिअर आहे, तोही डिप्लोमावाला. रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली. माइक हातात आला की आमच्यासारख्याला मुकादमाला हाक मारायची सवय. तेव्हा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

कार्यकारिणीने मला विषय दिला, ‘वाचावीत अशी पुस्तके’. सूचना अशी की कथा-कादंबरी, उद्योगधंदा, आरोग्य आणि विज्ञान, सगळे थोडे थोडे यावे. मी उत्साहाने यादी करायला बसलो. बघता बघता साठ-सत्तर नावे झाली. सौ. ने चहा ठेवता ठेवता यादीवर नजर टाकली आणि एवढेच विचारले, “हे वाचणार कोण?” प्रश्न साधा होता, पण माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती यादी मी घरीच ठेवून आलो आहे. आज यादी वाचणार नाही. आपल्या मंडळाच्या कपाटाबद्दल बोलणार आहे.

आपले ते लोखंडी कपाट सर्वांनी पाहिले आहे. निदान बाहेरून तरी. कुणाची बदली झाली, कुणी घर बदलले, की त्यांची पुस्तके त्या कपाटात येत. शाळेची जुनी पाठ्यपुस्तके, दिवाळी अंक, पोथ्या, एखादी चांगली कादंबरी, सगळे एकत्र. ग्रंथालयप्रमुख म्हणून सहा वर्षे त्याची किल्ली माझ्याकडे होती. पुस्तके हरवू नयेत म्हणून मी ती किशनगंजच्या रेल्वे कॉलनीत, माझ्या घरी, खिळ्याला टांगून ठेवत असे. सहा वर्षांत एकही पुस्तक हरवले नाही, हे मी वार्षिक सभेत अभिमानाने सांगितले आहे आणि तुम्ही टाळ्याही वाजवल्या आहेत. नोंदवहीत मात्र सहा वर्षांत अकरा नोंदी. त्यांतल्या सात माझ्याच घरच्या.

आता जे सांगणार आहे ते इथल्या चार-पाच जणांनाच ठाऊक आहे. ज्याच्याबद्दल आहे त्याची परवानगी घेतली आहे.

तीन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, बीडनपुऱ्यातल्या एका खोलीत आपला अठरा वर्षांचा एक मुलगा सोने शुद्ध करत होता. पाऊस आत येतो म्हणून खिडकी बंद. तेजाब एकदम उसळले आणि तांबूस-पिवळा धूर खोलीभर झाला. तो खोकला, बाहेर पळाला, तोंड धुतले. अर्ध्या तासात बरे वाटले. सगळ्यांनी त्याला गूळ खायला दिला, दूध पाजले. रात्री तो व्यवस्थित जेवला, थट्टामस्करी करून झोपला. पहाटे दोनच्या सुमारास त्याला श्वास घेता येईना. मला फोन आला, कारण माझ्याकडे गाडी आहे. आम्ही त्याला रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “धूर किती वाजता लागला?” आम्ही म्हटले, संध्याकाळी सहाला. ते म्हणाले, “मग सहालाच का नाही आणला?” दोन दिवस तो ऑक्सिजनवर होता. वाचला. बाप्पाची कृपा आणि डॉक्टरांची मेहनत.

पुढच्या रविवारी मी कपाट उघडले. खालच्या खणात, एका जुन्या दिवाळी अंकाखाली, प्रथमोपचाराचे एक मराठी पुस्तक होते. कुणी दिले, कधी दिले, देव जाणे. त्यात विषारी वायूंबद्दल एक पान होते. धूर छातीत गेलेल्या माणसाला बरे वाटत असले तरी लगेच डॉक्टरांकडे न्यावे, कारण काही वायूंचा परिणाम काही तासांनी दिसतो, असे त्यावर स्वच्छ मराठीत छापलेले होते. त्या मुलाच्या खोलीपासून ते पान दोनशे पावलांवर होते आणि किल्ली माझ्या घरच्या खिळ्याला.

त्या दिवशी मी कुलूप काढले. पुढच्याच आठवड्यात आपण चौघा-पाच जणांनी कपाट उचलून, मुले जिथे राहतात त्या इमारतीच्या तळमजल्यावर नेले. आतली अर्धी पुस्तके रद्दीत दिली. मग प्रश्न आला, रिकाम्या जागेत काय ठेवायचे? तेव्हा सौ. चा तो प्रश्न उपयोगी पडला. वाचणार कोण? वाचणारे तुम्ही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडून आलेले, दहावीच्या आत-बाहेर शाळा सुटलेले, दिवसभर भट्टीपुढे बसणारे. तेव्हा पुस्तके तुमच्या गावाशी, धंद्याशी, शरीराशी बोलणारी हवीत. म्हणून आम्ही कपाटाचे चार खण केले.

पहिला खण गोष्टींचा. त्यात सर्वांत आधी ठेवली व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, म्हणजे इथे बसलेल्यांपैकी कित्येकांच्या शेजारगावचे. ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने आली १९५५ साली. मेंढपाळांच्या एका लहान वाडीवर पोरसवदा मास्तर जातो. मुले शाळेत येत नाहीत, येतात ती मेंढरांमागे निघून जातात. हळूहळू तो वाडीचा होतो. गाव मिळून तालीम बांधतो. आणि मग पाऊस पाठ फिरवतो. मेंढरे मरतात, माणसे एकेक करून पोटामागे बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते.

एका रात्री हे पुस्तक एक जण मोठ्याने वाचत होता आणि सहा-सात जण भाकरी खात ऐकत होते. वाडी रिकामी होते तिथे आला आणि थांबला. कुणी काही बोलेना. मग आपले एक वयस्कर अण्णा म्हणाले, “पुढचं आपल्याला ठाऊक हाय. बाहेर पडल्याली ती मानसं म्हंजी आपुनच की.” मंडळी, त्या कादंबरीवर मोठमोठ्या समीक्षकांनी लिहिले आहे. १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट काढला. पण इतके नेमके मी कुठे वाचले नाही. दुष्काळाने माणदेश रिकामा केला आणि तिथली माणसे मूस आणि भट्टी घेऊन देशभरच्या सराफ बाजारांत पोचली. आज टेंभूचे पाणी काही शिवारांत आले आहे. पण आपण इथे का आलो, हे आपल्या इथे जन्मलेल्या मुलांना सांगायचे झाले तर ‘बनगरवाडी’सारखे दुसरे साधन नाही.

त्याच खणात अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ आहे. अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. त्यांची शाळा दीड दिवसाची, असे सांगतात. त्या माणसाने इतकी पुस्तके लिहिली. तेव्हा “आमचं शिक्षण कमी, आम्हांला वाचन कुठलं जमतंय” असे जो म्हणेल त्याच्या हातात मी आधी ‘फकिरा’ देतो आणि मग बोलतो.

दुसरा खण धंद्याचा. या खणाबद्दल मालक मंडळींनी जरा कान द्यावेत. दिल्लीत रविवारच्या पुस्तकबाजारात ‘लवकर श्रीमंत व्हा’ छापाची पुस्तके ढिगाने मिळतात. हा बाजार पूर्वी दर्यागंजच्या फुटपाथवर भरे, २०१९ पासून आसफ अली रस्त्यावर महिला हाटमध्ये भरतो. तिथून मीही अशी पुस्तके आणली आहेत. ती वाचून आजवर माझ्या ओळखीचा कुणी श्रीमंत झाला नाही. म्हणून या खणात आम्ही खरोखर धंदा केलेल्या माणसांचीच पुस्तके ठेवली. विठ्ठल कामतांचे ‘इडली, ऑर्किड आणि मी’ आहे. ते मुले एका दमात वाचतात. आणि शं. वा. किर्लोस्करांचे ‘शंवाकीय’ आहे.

किर्लोस्करवाडीवरून आपण सगळे रेल्वेने गेलो आहोत. पण ती उभी कशी राहिली? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली म्हणून नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचे दुकान काढले. मग लोखंडी नांगर केला, तर तो कुणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. नांगर विकायला दोन वर्षे वाट पाहावी लागली. बेळगावची जागाही गेली. तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली आणि १९१० साली तिथे कारखाना आला. त्या वेळी आटपाडीही औंध संस्थानातच होती. म्हणजे ही कुणा परक्याची गोष्ट नाही.

मला यात काय दिसते ते सांगतो. माल चांगला असला तरी गिऱ्हाइकाच्या मनातली भीती काढेपर्यंत तो खपत नाही. आपला धंदा तर सगळा विश्वासाचा. टंच काढणारा एकदा खोटा बोलला की बाजार त्याला दहा वर्षे विसरत नाही. हे तुम्हांला मी सांगायला नको. पण नवीन आलेल्या मुलाला ते नुसते दटावून सांगण्यापेक्षा अशी गोष्ट वाचायला द्या. जास्त दिवस टिकेल.

तिसरा खण आरोग्याचा. यात ते प्रथमोपचाराचे पुस्तक अगदी दर्शनी ठेवले आहे. शेजारी डॉ. अभय बंगांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. हे पुस्तक २००० साली आले. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी काम करणारा नावाजलेला डॉक्टर, आणि त्याला ऐन चाळिशीत हृदयविकाराचा झटका आला. दुसऱ्याला सांगायचे सगळे ठाऊक होते, स्वतःकडे बघायला वेळ नव्हता. मग आहार, व्यायाम, मनावरचा ताण, हे सगळे त्यांनी स्वतःवर तपासून पाहिले आणि लाज न बाळगता लिहिले.

मी ते का वाचले, तेही सांगतो. रेल्वेत आमची ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी होते. मी कामाचे निमित्त सांगून ती दोनदा पुढे ढकलली होती. आमच्याकडे रुळाची तपासणी अल्ट्रासॉनिक यंत्राने करतात. रूळ वरून आरशासारखा चकाकत असतो आणि आत भेग असते. ती डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसते. ही तपासणी एक दिवस लांबली तर मी हाताखालच्या माणसाला फैलावर घेतो. आणि स्वतःच्या छातीची तपासणी मी दोनदा पुढे ढकलली! पुस्तक वाचून झाल्यावर मुकाट्याने गेलो. रक्तदाब निघाला. आता गोळी चालू आहे, चालणेही चालू आहे. पुस्तक म्हणजे औषध नव्हे. पण जो माणूस डॉक्टरांच्या दारापर्यंत जात नाही त्याला ते तिथवर नेते.

आणि तुमच्या धंद्यापुरते दोन शब्द. सोन्यात चांदी मिसळून शोऱ्याच्या तेजाबात उकळताना जो तांबूस धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे बंद खोलीत खाली साचतो. पाण्यात तो लगेच विरघळत नाही, म्हणून नाकाघशाला फारसे जाणवत नाही आणि सरळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. तिथे सूज येऊन पाणी भरायला काही तास लागतात, कधी पूर्ण एक दिवसही. म्हणून संध्याकाळी बरे वाटणे ही खूण धरू नका. ओला रुमाल हा धूर अडवत नाही. गूळ आणि दूध हा त्यावरचा उपाय नाही. धूर वर ओढून बाहेर टाकणारा पंखा हवा, खिडकी उघडी हवी, आणि धूर छातीत गेलेला माणूस त्याच तासाला डॉक्टरांकडे हवा.

चौथा खण विज्ञानाचा. मला वाटले होते, हा खण धूळ खाणार. घडले उलटेच. जयंत नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’ पहिल्या महिन्यातच चौघांनी नेले. नारळीकर सर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेची हकीकत मी मुलांना नेहमी सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी कथा पाठवली. पण नावामुळे बक्षीस नको म्हणून ‘नारायण विनायक जगताप’ असे टोपणनाव घेतले आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. तरीही पहिले बक्षीस तिलाच मिळाले. जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ आपल्या भाषेत लिहिताना स्वतःला नवशिक्यांच्या रांगेत उभा करतो. आपल्याला मग मराठी वाचायची कसली लाज?

त्याच खणात अच्युत गोडबोल्यांचे ‘किमयागार’ आहे. शास्त्रज्ञांच्या हकीकती गोष्टीसारख्या सांगणारे जाडजूड पुस्तक. किमयागार म्हणजे लोखंडाचे सोने करू पाहणारा. नाव वाचूनच एकाने विचारले, “रेल्वेकाका, ह्यात सोनं करायची रीत हाय का?” मी म्हटले, रीत नाही, पण सोन्याची एक खरी गोष्ट मी तुला सांगतो.

१९४० साली जर्मन फौजा डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये शिरल्या. तिथे नील्स बोर यांच्या संस्थेत दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदके सांभाळायला ठेवली होती, माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची. जर्मनीतून सोने बाहेर पाठवणे हा तेव्हा मोठा गुन्हा होता आणि पदकांवर तर नावे कोरलेली. सापडली असती तर फॉन लाउए यांच्या जिवावर बेतले असते, कारण ते जर्मनीतच होते. तेव्हा हेवेशी नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ती पदके अम्लराजात विरघळवली, म्हणजे शोऱ्याचे आणि मिठाचे तेजाब एकत्र करून. ती बरणी फळीवर इतर बरण्यांत ठेवून दिली. सैनिकांनी संस्था धुंडाळली, पण बरणीकडे कुणी पाहिले नाही. युद्ध संपल्यावर त्यातून सोने परत काढले आणि नोबेलवाल्यांनी त्याच सोन्याची पदके पुन्हा पाडून दिली.

मुलगा डोळे विस्फारून ऐकत होता. मग एकदम म्हणाला, “त्यात काय अवघड? हिराकस टाकायची, सोनं खाली बसतंय.” मी डिप्लोमावाला, मला हे माहीत नव्हते! त्याने मला हिराकशीचे सगळे गणित समजावून दिले. कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत जे झाले तसेच काम बीडनपुऱ्यातला सातवी-आठवी शिकलेला मुलगा रोज हाताने करतो. फक्त त्याला हे कुणी सांगितलेले नसते. त्या दिवसापासून त्याला आपल्या कामाची शरम वाटत नाही. पुढच्या वर्षी तो बाहेरून दहावीला बसणार आहे. आणि हो, तीन वर्षांपूर्वी पहाटे दोन वाजता ज्याला रुग्णालयात नेले, तो हाच. आज मागच्या खांबापाशी उभा आहे. नाव घेणार नाही, लाजतो.

मंडळी, २०२५ च्या फेब्रुवारीत इथून जवळच, तालकटोरा मैदानात, अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. दिल्लीत ते १९५४ नंतर प्रथमच भरले. अध्यक्षा होत्या डॉ. तारा भवाळकर, आपल्या सांगलीच्या. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण फेटे बांधून गेलो, फोटो काढले. चांगलेच झाले. पण संमेलन तीन दिवसांचे, कपाट बारा महिन्यांचे. भाषेचा दर्जा सरकार देते, तिला वाचक आपणच द्यायचा.

म्हणून बाप्पासमोर तीन मागण्या करतो आणि थांबतो.

पहिली मागणी मालक मंडळींकडे. धूर छातीत गेल्यावर काय करायचे, ते एका कागदावर मराठीत आणि हिंदीत, कारण शेजारच्या भट्टीवर बंगाली कारागीरही आहेत, डॉक्टरांकडून तपासून घेऊन छापू. तो कागद प्रत्येक दुकानात भट्टीच्या वर लावा. देवाच्या तसबिरीशेजारी लावलात तरी चालेल.

दुसरी मागणी सर्वांकडे. दिल्लीत मराठी पुस्तक सहज मिळत नाही. गावाहून गोवा एक्स्प्रेसने येताना दोन रात्री तुम्ही भाकरी, चटणी, लोणच्याची बरणी सांभाळत आणता. त्या पिशवीत एक पुस्तक आणा. विट्यातून, सांगलीतून, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून, कुठूनही. वाचून झालेले असले तरी चालेल. मात्र आणण्याआधी सौ. चा प्रश्न स्वतःला विचारा, हे वाचणार कोण?

तिसरी मागणी कार्यकारिणीकडे. वार्षिक सभेत यापुढे ग्रंथालयप्रमुखाला “किती पुस्तके हरवली?” असे विचारू नका, “किती वाचली गेली?” असे विचारा. गेल्या तीन वर्षांत आपली चौदा पुस्तके परत आलेली नाहीत. नोंदवही मी आज सोबत आणली आहे. त्यांतली दोन आटपाडीला पोचल्याचे कळले आहे, एक कुणाच्या तरी बहिणीकडे आहे. मला त्याचे दुःख नाही. सहा वर्षे एकही हरवले नव्हते, त्याचे मात्र आहे.

ती किल्ली अजून माझ्या घरी खिळ्याला आहे. कपाटाला आता कुलूपच नाही, तेव्हा तिचा उपयोग नाही. पण मी ती काढलेली नाही. रोज ड्यूटीवर निघताना दिसते, तेवढे पुरे.

गणपती बाप्पा मोरया!